वाचून दाखवले

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकीलसाहेबांचे वडील ती कधीच चढले नव्हते, तरी एक दिवस पायरीच त्यांच्या दारात आली. वडील शिंपी. रस्त्याकडेची एक खोली, एक मशीन आणि खुंटीला गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे, एवढाच संसार. एक गोडबोल्या माणूस कागद घेऊन आला, म्हणाला, "नुसती सही हवीय मास्तर, नेहमीचंच आहे." वडिलांनी अंगठा उठवला. महिन्याभरात खोली खाली करायची नोटीस आली, कारण जागेवरचा हक्क सोडल्याचं त्या कागदात लिहिलं होतं. साहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि घरात अक्षर ओळखणारे तेवढे एकटेच. ते तिथंच फरशीवर गोट्या खेळत बसले होते. कागद वाच असं त्यांना कुणी म्हणालं नाही आणि त्यांनीही तो मागितला नाही.

ही गोष्ट पुढं त्यांनी शेकडो भाषणांत सांगितली, टाळ्याही घेतल्या. पण ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्यांचा आवाज बसला होता, हे बाईंना पक्कं आठवतं.

बाई त्यांच्याकडे लागल्या एकोणिसाव्या वर्षी. ऑफिस म्हणजे कोर्टासमोरच्या इमारतीत जिन्याखालची खोली. कपाट उघडायचं तर आधी दार लावावं लागे. साहेब उभे राहिले की डोकं जिन्याला लागे, म्हणून ते बसूनच विचार करत. बाईंना तिथं आणलं त्यांच्या थोरल्या भावानं. दादा काचेच्या कारखान्यात वाळू चाळायच्या खात्यात होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा दादानं वाळू चाळली आणि त्या चाळणीवर बहिणीचा टायपिंगचा क्लास झाला. साहेबांसमोर तिला उभी करून दादा म्हणाला, "पोरगी चुका करत नाही साहेब. केली तर मला सांगा."

"तुम्हाला कशाला?" साहेब म्हणाले. "चूक सापडली तर ती मीच धरणार."

आणि खरंच धरत. त्यांच्याकडे एक रीत होती, दुधानं तोंड पोळलेल्या माणसाची. ऑफिसातून बाहेर जाणारा कुठलाही कागद, मग तो दावा असो नाहीतर वीज मंडळाला अर्ज, आधी बाईंनी मोठ्यानं वाचायचा. स्वल्पविरामासकट. साहेब हनुवटीखाली मूठ धरून, डोळे मिटून ऐकत. ते म्हणत, डोळा भला माणूस, चुका पोटात घालतो. कान घालत नाही. कुठं खटकलं की म्हणत, "पुन्हा वाचा." मग बाई पुन्हा वाचत. सगळं मनासारखं झालं की बाईंनी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं, 'वाचून दाखवले', आणि मगच त्याखाली साहेबांची सही. बाहेरून आलेल्या कागदांनाही हाच नियम. त्या दोन शब्दांशिवाय तीस वर्षांत एका कागदाला उंबरा ओलांडता आला नाही.

कोर्टात त्यांचं नावच पडलं, पुन्हावाचा वकील. लोक सांगत, स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापताना यांनी सासऱ्यांना ती तीनदा वाचायला लावली आणि चौथ्या वेळी नवरीच्याच नावात चूक सापडली. साहेब हसत, पण खोटं आहे असं कधी म्हणाले नाहीत.

मग चाळणीवाल्यांचा खटला आला. तोही दादाच घेऊन आला. कारखाना सोडून त्याला तोपर्यंत अकरा वर्षं झाली होती. दोन जिने चढला की तो कठड्याला धरून उभा राही. त्याच्याबरोबर चाळलेले आणखी चाळीस जण तसेच झाले होते. डॉक्टर सांगत, काचेच्या वाळूची धूळ फुप्फुसात बसते, दहा-बारा वर्षं गप्प राहते आणि मग माणूस हळूहळू आवळत नेते. कारखाना म्हणे, हे सगळे विड्या ओढणारे. खटल्यात मागणं एकच होतं: हा आजार आमच्या धुळीचा आहे एवढं कारखान्यानं कबूल करावं, आणि हे लोक जिवंत असेपर्यंत कारखान्याच्या दवाखान्यात त्यांना खाट, औषध आणि नळकांड्यातली हवा मिळावी.

साहेबांनी त्या खटल्यासाठी जीव काढला. कारखान्यानं धुळीच्या मोजणीची जुनी वही हजर केली, तेव्हा बाईंनी ती चार दिवस वाचून दाखवली. नुसते आकडे, आणि तारखा. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "पुन्हा वाचा." एकाच पंधरवड्याची पानं दोनदा होती, आणि दोन्हींत मोजमाप वेगळं. कोर्टात साहेबांनी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. कारखान्याच्या वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं. निकाल लागेपर्यंत दवाखान्याचं दार चाळणीवाल्यांना उघडं ठेवा, असा हुकूम त्याच दिवशी मिळाला. ज्यांना दम होता त्यांनी साहेबांना खांद्यावर घेतलं, ज्यांना नव्हता ते बाजूला उभे राहून रडले.

तिथून पुढं गाडी आपोआप उताराला लागली. पक्षाची माणसं आली, तिकीट आलं, निवडणूक आली. फलकावर लिहिलं होतं, 'न वाचता सही न करणारा माणूस'. साहेब निवडून आले आणि राजधानीला देशाच्या सभागृहात जाऊन बसले. पहिल्याच भाषणात त्यांनी वडिलांच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. म्हणाले, या सभागृहात मी असा एकही कायदा होऊ देणार नाही जो मी वाचलेला नाही. बाईंनी रेडिओवर ऐकलं. दादा तेव्हा खाटेला उशा लावून बसला होता. त्यानं टाळी वाजवायचा प्रयत्न केला आणि त्याला खोकला आला.

आता सभागृह म्हणजे काही जिन्याखालची खोली नव्हे. तिथं कागद गोणीनं येतो. पहिलं वर्षभर साहेबांनी नेटानं वाचला. दुसऱ्या वर्षी चाळला. तिसऱ्या वर्षी त्यांना कळलं की बाकीचे कुणीच वाचत नाहीत. रोज सकाळी पक्षाच्या कचेरीतून एक चिठ्ठी येते, कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, आणि सभापतींनी विचारलं की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं. कोण काय ओरडलं याची नोंदसुद्धा होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतणार? साहेबही ओरडू लागले.

पण कागद यायचा थांबेना. तो यायचा बाईंकडे, कारण पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मात साहेबांनी जिन्याखालचा पत्ता दिला होता. लखोट्यांची थप्पी टाइपरायटरच्या वर गेली. बाई फोन करून विचारत, "साहेब, हे कधी वाचायचं?"

"बघू बाई, आलो की."

आले की गाडीतून उतरायच्या आधीच माणसं घेरत. शेवटी एकदा ते फोनवर वैतागून म्हणाले, "अहो, वाचून दाखवले लिहा आणि कपाटात टाका. बाहेर कुठं जाणार आहेत ते कागद?"

"न वाचता लिहू?"

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "बाई, तीस वर्षं माझ्यावर विश्वास ठेवलात ना?"

बाईंनी लिहिलं. पहिल्या लखोट्यावर लिहिताना हात जड झाला, दहाव्यावर सवय झाली. नंतर नंतर तर त्या लखोटा फोडतही नसत. चिकटवलेल्या पाकिटावरच पेन्सिलीनं लिहीत आणि कपाटात ढकलत. दार आधी लावून.

असा एक लखोटा त्या वर्षी उन्हाळ्यात आला आणि सहा दिवसांनी त्यातला मसुदा कायदा झाला. कारखान्यांच्या कायद्यात बारीकसारीक दुरुस्त्या, असं चिठ्ठीत होतं. हो म्हणा, असंही होतं. साहेब हो म्हणाले.

दोन महिन्यांनी कारखान्याच्या वकिलानं कोर्टात एकपानी अर्ज दिला. नव्या कायद्याचं एकोणिसावं कलम असं की काम सोडल्यावर तीन वर्षांच्या आत केला नसेल तर आजाराचा दावा चालणार नाही. धूळ दहा वर्षं गप्प बसते. चाळणीवाल्यांपैकी एकाचाही दावा तीन वर्षांतला नव्हता. खटला रद्द करा आणि दवाखान्याचं दार बंद करा, एवढंच अर्जात होतं. एक्केचाळीस जणांतले तेवीस उरले होते. दादा त्या दवाखान्यात सात नंबरच्या खाटेवर होता आणि त्याच्या नाकाला नळी होती.

बाईंनी दार लावलं, कपाट उघडलं आणि वरचं मसुद्याचं नाव बघून तो लखोटा शोधून काढला. सीलबंद. कोपऱ्यात त्यांचंच अक्षर, वळणदार आणि स्वच्छ. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाच्या दोन काठ्यांतली एक आपण आहोत हे त्यांना त्या कपाटासमोर कळलं. त्या तिथंच जमिनीवर बसल्या.

साहेब दुसऱ्या दिवशी आले, एकटे. कारखान्याच्या अर्जासोबत कायद्याची प्रत जोडलेली होती. बाईंनी कलम वाचलं. साहेबांनी डोळे मिटले होते. मग ते एकदम ताठ बसले.

"बाई, यात आधीपासून चालू असलेल्या खटल्यांबद्दल एक अक्षर नाही. त्यांचं काय करायचं ते लिहिलेलंच नाही."

"मग?"

"म्हणजे सभागृहाच्या ते ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं नसेल तर न्यायाधीश म्हणू शकतात, कायदा पुढच्या दाव्यांना लागू, जुन्यांना नाही. आपण वाचतो. पण ध्यानात येऊनही तसंच ठेवलं असं ठरलं, तर संपलं. मीच उभा राहतो उद्या."

बाईंनी लखोटा टेबलावर ठेवला. "ध्यानात आलं नव्हतं हे सांगायचं, तर वाचलं नव्हतं हेही सांगावं लागेल साहेब."

साहेबांनी त्या पाकिटाकडे पाहिलं. सील बघितलं, पेन्सिलीचे शब्द बघितले. "लागलं तर सांगेन," ते म्हणाले. "दादासाठी एवढंही नाही करणार होय मी?" आणि त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. बाई त्या दिवशी दवाखान्यात गेल्या आणि दादाला म्हणाल्या, "काळजी करू नकोस. साहेब स्वतः उभे राहतायत."

कोर्ट भरलं होतं. नुसते पक्षकार असते तर गोष्ट निराळी होती. पण सभागृहाचा सदस्य स्वतः वकील म्हणून उभा राहणार, म्हणून मागच्या बाकांवर वर्तमानपत्रांचे लोक वह्या उघडून बसले होते. निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. कायदा समितीचं अध्यक्षपद साहेबांना मिळणार अशी बातमी त्याच आठवड्यात छापून आली होती, फलकावरच्या त्या ओळीसकट. बाई तिसऱ्या बाकावर होत्या. लखोटा पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर.

साहेब छान बोलले. जुना आवाज लागला होता. न्यायाधीश म्हातारे होते, मवाळ होते, आणि त्यांचा कल कुठं आहे ते दिसत होतं. ते पुढं झुकले.

"वकीलसाहेब, तुमचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे. जुन्या खटल्यांचा विचारच राहून गेला असेल, तर मी हे कलम त्यांना लावणार नाही. आता नशिबानं तुम्ही स्वतः त्या सभागृहात होतात. तुम्हीच सांगा. राहून गेलं का?"

एवढा सोपा प्रश्न. दार सताड उघडं होतं, आत पाऊल टाकायचं बाकी होतं. साहेबांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात कारखान्याचा वकील अर्धवट उठून, हसत म्हणाला, "राहून कसं जाईल महाराज? माझे मित्र तर पुन्हावाचा वकील. त्यांच्या नजरेतून कलम सुटलं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला!"

कोर्ट हसलं. मागं पेन्सिली चालल्याचा आवाज आला. साहेबांची मान लाल झाली. बाईंना त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू ताठ होताना त्यांनी पाहिली.

"मी न वाचता काही करत नाही," साहेब म्हणाले. "प्रत्येक कलम मी वाचलं होतं."

"हेही?"

"हेही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग हा खटला तुमच्या डोळ्यांसमोर असणारच. तुमचाच आहे."

"...होता."

"आणि तरी जुने खटले वगळा, अशी दुरुस्ती तुम्ही सुचवली नाहीत?"

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून अशीच उत्तरं काढणारा माणूस, आपल्या तोंडून काय निघालं ते त्याला न्यायाधीशांच्या आधी कळलं असणार. अजूनही वेळ होती. चुकलो, वाचलं नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाक कापलं गेलं असतं, पण तेवीस माणसांच्या नाकातल्या नळ्या राहिल्या असत्या. साहेबांनी टेबलावरचे कागद नीट जुळवले, आणि पुन्हा जुळवले.

बाईंचा हात पिशवीत गेला होता. बोटांना लखोट्याचं सील लागत होतं. उठायचं आणि म्हणायचं, महाराज, हे बघा, हे फोडलेलंसुद्धा नाही. चार पावलं होती फक्त. पण लखोट्यावर त्यांच्याच हातानं लिहिलेलं होतं, वाचून दाखवले. आधी विचारतील, हे अक्षर कुणाचं? आणि समोर जी पाठ उभी होती तिच्यासमोर तीस वर्षांत त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचून दाखवण्यापलीकडे. त्यांना राग आला, लाज वाटली, भीती वाटली, सगळं एकदम. न्यायाधीश हुकूम सांगू लागले. टंकलेखकाच्या यंत्राची टकटक सुरू झाली. बाई बसूनच राहिल्या.

बाहेर व्हरांड्यात साहेब त्यांच्याजवळ आले. वर्तमानपत्रवाले चार हातांवर होते. "बाई, वरच्या कोर्टात जाऊ आपण," ते हळूच म्हणाले.

"किती वर्षं लागतील?"

"पाच. सहा."

"तोपर्यंत कोण असेल साहेब?"

साहेबांचे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. पण कुणीतरी हाक मारली आणि ते वळले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'स्वतःच्याच खटल्यावर पाणी सोडून कायद्याचा मान राखणारा सदस्य'. अध्यक्षपदही मिळालं. ते आणखी दोनदा निवडून आले आणि समितीच्या खोलीत त्यांची मोठी तसबीर लागली. वरच्या कोर्टातला अर्ज त्यांनी केला, हेही सांगायला हवं; तो अजून पडून आहे. बाईंनी त्या महिन्याअखेर नोकरी सोडली. जिन्याखालच्या खोलीची किल्ली त्यांनी पोस्टानं पाठवून दिली.

चाळणीवाल्यांना दवाखान्यानं आठ दिवसांची मुदत दिली होती. दादाला घरी आणलं. भाड्याच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली, जिन्यावरून नळकांडं आणायला दोघे हमाल लागले. दोन दिवस बाईंनी त्याला काही सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याची दाढी करून देत होत्या, तेव्हा तो थांबून थांबून बोलला.

"मी विचार केला. साहेबांनी ते वाचलं होतं ना?"

बाईंनी वस्तरा पाण्यात बुडवला.

"मग बरोबर असेल," दादा म्हणाला. "ते वाचल्याशिवाय करत नाहीत. आपल्याच दाव्यात काहीतरी कच्चं असेल. मी बाकीच्यांनाही तेच सांगितलं. उगाच त्यांना शिव्या देऊ नका म्हटलं."

बाईंना ते सहन होईना. तोंडाशी आलेलं त्यांनी दोनदा गिळलं, तिसऱ्यांदा गिळता आलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. कपाट, लखोटा, न फोडलेलं सील, कोपऱ्यातलं आपलं अक्षर. न्यायाधीशांनी काय विचारलं आणि साहेबांनी काय उत्तर दिलं. सांगताना एकही शब्द गाळला नाही. ती सवयच होती त्यांची.

दादा ऐकत होता. अर्ध्या गालावर साबण वाळत चालला होता. नळकांड्याचा बारीक आवाज येत होता.

"लखोटा कुठं होता तेव्हा?" त्यानं विचारलं.

"माझ्या पिशवीत."

"कोर्टात?"

"हो."

"आणि तू बसून राहिलीस?"

बाईंनी मान हलवली. तो त्यांच्याकडे बघत राहिला, रागानं नव्हे. क्लासला पहिल्या दिवशी सोडायला आला होता तेव्हा बघत होता तसं, नीट, वेळ घेऊन. मग त्याला कुशीवर वळायचं होतं. खांदा उचलला, पण दम पुरेना. बाईंनी वस्तरा खाली ठेवला, त्याच्या पाठीखाली हात घातला आणि नळी सांभाळत त्याला आपल्याकडून भिंतीकडे वळवून दिलं.